पंचवीसचे बावन्न का होतात?

मागच्या आठवड्यात आम्ही पाच जणी रोज तासभर गावातल्या शाळेत, दुसरीच्या वर्गात जाऊन बसलो. कारण घरचेच होते. आमच्यातल्या एकीने लेकीला ‘पंचवीस’ लिहायला सांगितले, तिने लिहिले ५२. तिसऱ्यांदा तेच झाले आणि आईचा हात उठला. दुसऱ्या दिवशी पोरीने गणिताची वही दप्तरातून काढलीच नाही. तेव्हा बाईंनीच निरोप धाडला, “रोज थोडा वेळ या आणि बघा.”

सोमवारी बाईंनी दहा संख्या सांगितल्या. कितीतरी मुलांनी त्या उलट्या लिहिल्या. बाई रागावल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, “पंचवीस हळू म्हणून बघा. आधी काय ऐकू येते?” आधी पाच, मागून वीस! लिहिताना मात्र आधी २, मग ५. मूल जसे ऐकते तसे लिहिते. कानडीत, तेलुगूत आधी वीस म्हणतात, मग पाच. आपल्या मराठीत क्रम उलटा आहे. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले, तेव्हा केवढी चर्चा झाली होती!

मंगळवारी खराट्याच्या काड्या आल्या. दहा मोजायच्या, रबर लावायचे, झाला एक दशक. उरलेल्या त्या सुट्ट्या. पंचवीस काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या झाल्या. आता ५२ लिहिणाऱ्याला बाई एवढेच विचारत, “तुझ्याकडे पाच गठ्ठे आहेत का?” मूल स्वतःच खोडायचे.

बुधवारी दुकान मांडले. दहाच्या नोटा म्हणजे दशक, रुपयाची नाणी म्हणजे सुटे. गुरुवारी २० च्या कार्डावरच्या शून्यावर ५ चे कार्ड ठेवले. शून्य झाकले, पंचवीस दिसले.

शुक्रवारचा धडा सगळ्यांत अवघड होता. ‘एकोणतीस’ ऐकून कुणी ३९ लिहिले, कुणी ३१. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. बाईंनी तीन गठ्ठे दिले आणि म्हणाल्या, “एक काडी काढा.” सुटी काडी तर एकही नाही! शेवटी एका मुलाने गठ्ठ्याचे रबर सोडले. एक काडी गेली, उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. आम्हालाही हे नाव त्या दिवशी नीट कळले.

शनिवारी सकाळच्या शाळेत पुन्हा त्याच दहा संख्या सांगितल्या. सगळ्यांच्या बरोबर आल्या असे नाही. पण चुकलेली मुले काड्या मागून घेत होती, पाटी लपवत नव्हती.

मैत्रिणींनो, घरी काय करायचे? शेंगा, चिंचोके, बांगड्या, जे असेल त्याचे दहा-दहाचे ढीग करायला लावा. आधी मोजू द्या, मग म्हणू द्या, शेवटी लिहू द्या. चुकले तर “कसे मोजलेस, दाखव” म्हणा. शाळेत मुलांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे; घरचा धपाटा आपणच थांबवायचा.

त्या लेकीची वही आता दप्तराबाहेर येते. परवा तिनेच आईला विचारले, “एकोणपन्नासला किती गठ्ठे?” आईला आधी काड्या मोजाव्या लागल्या!