खाडीवरील गुलाबी पाहुणे

मुलांनो, हिमनदी पाहावयाची तर हिमालय गाठावा लागतो. परंतु निसर्गाचा एक अपूर्व सोहळा ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कुटुंबांस घराजवळच पाहावयास मिळतो. हिवाळ्यात हजारो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो पक्षी ठाण्याच्या खाडीत उतरतात. ओहोटी लागली, की ते वाकडी चोच उलटी बुडवून चिखलातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातात. त्या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्यांची पिसे गुलाबी होतात.

२०१५ साली येथे अभयारण्य झाले. २०२२ साली या पाणथळीस रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तथापि शहरांचे सांडपाणी व प्लास्टिक याच खाडीत येते. चिखल दूषित झाला, तर पाहुण्यांपुढील ताटच नासेल. ते स्वच्छ राखणे हे यजमानांचे, म्हणजे आपलेच काम आहे.