सरोवराकाठचे बिस्कूपिन

पोलंड देशाच्या उत्तर भागात प्राचीन हिमनद्यांनी मागे ठेवलेली असंख्य सरोवरे आहेत. अशाच एका सरोवराच्या काठी, पोझनान शहराच्या ईशान्येस, बिस्कूपिन हे लहानसे खेडे वसलेले आहे. १९३३ पर्यंत त्याचे नाव दूरवर कोणास ठाऊक नव्हते.

त्या सुमारास सरोवराचे पाणी ओसरले होते. तेथील शिक्षक वालेंटी श्वायत्सेर यांना चिखलातून वर आलेले लाकडी खुंट दिसले. दुसऱ्या एखाद्याने ते सरपणासाठी उपटून नेले असते. या शिक्षकांनी मात्र ही गोष्ट पोझनानचे संशोधक युझेफ कोस्त्शेव्स्की यांना कळविली आणि १९३४ मध्ये उत्खननास आरंभ झाला.

गाळाखाली एक संपूर्ण गाव होते! माती भरलेल्या लाकडी पेट्यांचा तट, ओंडके अंथरलेले अकरा समांतर रस्ते आणि दुतर्फा एकसारखी सुमारे शंभर घरे. प्रत्येक घरात दगडी चूल होती. तेथील लोक शेती करीत व गुरे पाळीत. ओल्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड कुजले नव्हते. झाडाच्या बुंध्यात दरवर्षी एक वर्तुळ वाढते. ती वर्तुळे तपासली असता, निम्म्याहून अधिक ओक वृक्ष इसवी सनापूर्वी ७३८-७३७ च्या हिवाळ्यात तोडले होते, असे पुढे आढळून आले.

परंतु हे लोक कोण होते? ते आपलेच पूर्वज, असे पोलिश संशोधक म्हणू लागले. १९३९ मध्ये जर्मन सैन्याने पोलंड व्यापले, तेव्हा ते जर्मनांचे पूर्वज होते, हे सिद्ध करण्यासाठी जर्मनांनी तेथे स्वतः उत्खनन चालविले. कोस्त्शेव्स्कींना युद्ध संपेपर्यंत अज्ञातवासात राहावे लागले. वास्तविक त्या गावकऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नव्हते. त्यांची भाषा कोणती, हे लाकडांवरून कसे कळावे?

युद्धानंतर काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा निराळीच अडचण जाणवली. अडीच हजार वर्षे टिकलेले लाकूड हवा लागताच खराब होऊ लागे. म्हणून मूळ अवशेषांचा बराचसा भाग पुन्हा ओल्या मातीखाली झाकण्यात आला. आज प्रवाशांना दिसतात तो तट आणि ती घरे नव्याने उभारलेली आहेत. खरे गाव त्यांच्या पायांखाली, पुन्हा गाळात आहे.