विश्लेषण : ‘एएलएस’वर स्टेम सेल उपचार घ्यावेत का? पैसे भरण्याआधी काय तपासावे?

हातातून पेला निसटतो, पाय अडखळतो, जीभ जड होते. मणक्याचा त्रास समजून काही महिने जातात आणि मग निदान होते ‘एएलएस’चे. बीड जिल्ह्यातील रुग्णाला त्यासाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे-मुंबई गाठावी लागते. ‘पूर्ण बरे करणारे औषध नाही’ हे ऐकून परतलेल्या कुटुंबाला मोबाइलवर स्टेम सेल उपचारांच्या चित्रफिती दिसू लागतात. खर्च लाखांत. शेत विकायचे का, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

आजार नेमका काय?

स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरतात. बहुतेक रुग्णांचे आयुष्य लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांचे असते. काहींमध्ये मात्र आजार फार संथ सरकतो.

चाचण्यांत काय दिसले?

अमेरिकेत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशींपासून बनवलेल्या एका उपचाराची मोठी चाचणी झाली. पेशी दिलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के रुग्णांत घसरण ठरलेल्या निकषाइतकी मंदावली. पण औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्यांतही हे प्रमाण २८ टक्के होते! सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी पुरावा अपुरा ठरवला.

मग चित्रफितीतले रुग्ण खोटे बोलतात?

तसे नाही. कपाशीवर नवे टॉनिक फवारले आणि त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर श्रेय कोणाला द्यायचे? चार तास न फवारता सोडले असतील तरच फरक कळतो. चित्रफितीत हे न फवारलेले तास नसतात. ज्यांना गुण आला नाही, तेही त्यात नसतात.

भारतातील नियम काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. संशोधनासाठीच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेणे अपेक्षित नाही. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे.

कोणते प्रश्न विचारावेत?

- चाचणीचा ‘सीटीआरआय’ नोंदणी क्रमांक काय? (नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे.)
- नैतिकता समितीची आणि औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का?
- खर्च कोण करणार?
- इजा झाली तर जबाबदारी कोणाची?
- संमतीपत्र मराठीत आहे का? ते घरी नेऊन दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवता येईल का?

‘प्रयोग आहे’ म्हणायचे आणि पावतीही फाडायची, असे असेल तर तिथेच थांबावे.

मग करण्यासारखे काहीच नाही का?

आहे. रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिने वाढवते. श्वासासाठी मास्कचे यंत्र, गिळता येईनासे झाल्यावर पोटातून नळीने आहार, फिजिओथेरपी यांनी रुग्णाचे दिवस सुसह्य होतात. यंत्र, वीज गेल्यावर बॅटरी, सोबतीला माणूस या सगळ्याला पैसा लागतो, तोही दीर्घकाळ. शेत आधीच विकले गेले, तर तो आणायचा कुठून, याचा हिशेब सही करण्याआधी मांडायला हवा.