विश्लेषण : आइसलँडमधील बर्फगुहा पाहायला कधी जावे? बुकिंगपूर्वी काय विचारावे?

निळ्याशार बर्फाच्या कमानीखाली हेल्मेट घालून उभा असलेला पर्यटक... समाजमाध्यमांवरील हे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. अशी बरीच छायाचित्रे आइसलँडच्या आग्नेय भागातील वात्नायोकुलच्या कडेला टिपलेली असतात. वात्नायोकुल म्हणजे सुमारे 7,700 चौरस किलोमीटरवर पसरलेला बर्फाचा थर. देशाचा साधारण आठ टक्के भूभाग त्याखाली आहे. या थराच्या कडांवरून खाली सरकणाऱ्या जिभा म्हणजे हिमनद्या. त्यांपैकीच ब्रेदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर 25 ऑगस्ट 2024 रोजी गाइडसह गेलेल्या पर्यटकांच्या गटावर बर्फ कोसळला. एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला, एक महिला जखमी झाली. या घटनेतील महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ऑगस्टमध्ये नेमके काय बिघडते?

बर्फगुहा ही लेणीसारखी कायमची वास्तू नाही. उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठभागावरचे बर्फ वितळते, ते पाणी भेगांतून आणि विवरांतून आत शिरते आणि बर्फ कोरत भुयार तयार करते. थंडी सुरू झाली की पाणी ओसरते, भुयार रिकामे होते आणि भिंती घट्ट होतात. तीच पुढे पर्यटकांची ‘गुहा’. पुढच्या उन्हाळ्यात पाणी परत येते, छत पातळ होते, गुहा ढासळते किंवा तिचा आकार बदलतो. म्हणून गाइड दर वर्षी शरद ऋतूत नव्याने गुहा शोधतात. गेल्या वर्षी मित्राने पाहिलेली गुहा यंदा तिथे असेलच असे नाही.

नैसर्गिक बर्फगुहांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो, तो यामुळे. त्या काळातही मुसळधार पाऊस झाला किंवा अचानक उबदार वारे वाहिले तर गुहेत पाणी भरते. ऑगस्टमधील दुर्घटनेनंतर या हिमनदीवरील गुहांच्या सहली काही काळ थांबवण्यात आल्या, पुढे अटी कडक करून त्या सुरू झाल्या. त्या दिवशीचा आणखी एक तपशील बोलका आहे. आणखी दोघे बर्फाखाली अडकल्याचे समजून बचाव पथके हातातील अवजारांनी बर्फ फोडत राहिली. प्रत्यक्षात कोणीच अडकलेले नव्हते. गटात 25 जण असल्याचे समजले जात होते, होते 23. गाइड निघण्यापूर्वी डोकी मोजतो का, हा प्रश्न त्यामुळे क्षुल्लक नाही.

मग उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी काय करावे?

मे-जूनच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी बर्फगुहेचा हट्ट सोडून हिमनदीवरची पदभ्रमंती निवडावी. त्यात छताखाली उभे राहावे लागत नाही, भेगा उघड्या दिसतात आणि हिमनदी म्हणजे काय हे खरे तर गुहेपेक्षा इथे जास्त कळते. सोल्हेमायोकुल ही हिमनदी रेक्याविकपासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे, तिथली सहल एका दिवसात होते. स्काफ्ताफेल परिसरातही अशा सहली आहेत. तीन तासांच्या सोप्या सहलीत प्रत्यक्ष बर्फावर चालणे तास-दीड तासाचे असते.

बर्फाच्या आत जायचेच असेल तर लांगयोकुल या हिमनदीत माणसाने खोदलेला बोगदा 2015 पासून खुला आहे. तिथे निसर्गाची कोरीव निळाई कमी दिसते, पण वाटचाल आखलेली असते.

बुकिंग करताना काय विचारावे?

नेमक्या कोणत्या गुहेत नेणार, तिची पाहणी शेवटची कधी झाली, एका गाइडमागे किती पर्यटक असतात, सहल रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो आणि मग पैसे परत मिळतात का? सहल विकणाऱ्या कंपनीकडे प्रत्येक प्रकारच्या सहलीसाठी लेखी सुरक्षा आराखडा असणे आइसलँडच्या कायद्याने बंधनकारक आहे. तो मागायला संकोचू नये. ‘गुहा पाहायला मिळेलच’ अशी हमी देणाऱ्यापेक्षा ‘हवामान पाहून सकाळी सांगू’ म्हणणारी कंपनी बरी.

गाइडशिवाय जाणे हा पर्याय धरूच नये. ताज्या बर्फाने झाकलेली भेग वरून सपाट जमिनीसारखी दिसते, आणि पुढे गेलेल्यांच्या पाऊलखुणा म्हणजे सुरक्षित वाट नव्हे.

वेळेचे गणित का चुकते?

कारण नकाशावर आइसलँड लहान दिसते. वात्नायोकुलच्या बहुतेक बर्फगुहा-सहली योकुल्सारलोन या हिमसरोवराजवळून निघतात. रेक्याविकपासून हे अंतर सुमारे 370 किलोमीटर, म्हणजे चांगल्या हवेत, न थांबता जवळपास पाच तास. डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेडच चार-पाच तास असतो. सकाळी निघून रात्री परत, हा बेत कागदावरच बरा दिसतो. स्काफ्ताफेल किंवा होप्न परिसरात दोन रात्री मुक्काम ठेवावा, म्हणजे पहिल्या दिवशी सहल रद्द झाली तरी दुसरा दिवस हाती राहतो. शक्यतो दिवसातली पहिली सहल घ्यावी. एकाच गुहेत अनेक कंपन्यांचे गट येतात आणि दुपारी आत रांग लागते, हे छायाचित्रांत दिसत नाही.

ट्रेकची सवय असेल तर?

दम टिकेल, पण पाऊल टाकण्याची पद्धत बदलावी लागेल. सह्याद्रीत आपण टाच किंवा चवडा रोवून चढतो. बर्फावर बुटांखाली क्रॅम्पॉन, म्हणजे टोकदार खिळ्यांचा सांगाडा बांधतात. सगळे खिळे एकदम रुतावेत म्हणून पाऊल सपाट ठेवायचे आणि दोन पायांत अंतर राखायचे, नाहीतर स्वतःच्याच पँटमध्ये खिळा अडकून माणूस तोंडावर आपटतो. क्रॅम्पॉन आणि हेल्मेट कंपनी देते. घोटा झाकणारे कडक तळव्याचे बूट आपले असावेत किंवा भाड्याने घ्यावेत. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही. हातमोजे उन्हाळ्यातही हवेत, कारण जुने बर्फ काचेसारखे सोलते. लहान मुले बरोबर असतील तर वयाची अट आधी पाहावी. बहुतेक ठिकाणी ती आठ-दहा वर्षांच्या आसपास असते.

विम्याचे काय?

आइसलँड शेंगेन क्षेत्रात येते, त्यामुळे भारतीयांना शेंगेन व्हिसा आणि किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र व्हिसापुरता घेतलेल्या स्वस्त विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. हिमनदीवरील पदभ्रमंती त्यात धरली आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आइसलँडमध्ये आपत्कालीन मदतीचा क्रमांक 112 आहे. रस्ते आणि हवामानाचे इशारे सरकारी संकेतस्थळांवर इंग्रजीतही मिळतात, ते आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी असे दोनदा पाहावेत.