सापाच्या पिल्लाचा घास

पावसाळ्यात सरावली गावच्या चिकूवाड्यांत पाचोळ्याखालून धामणीची पिल्लं निघतात. फूटभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. चुकून एखादं ओटीवर आलं, की कुणीतरी ते बरणीत धरतं. धामण उंदीर खाते हे वाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून हौसेने त्याच्यापुढे उंदराचं पिल्लू टाकलं जातं, नाहीतर अंगणातला धष्टपुष्ट बेडूक. पिल्लू दोन दिवस ढुंकूनही बघत नाही आणि मग हे आजारी असणार, असा निकाल लागतो. खरं तर ते आजारी नसतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते आणि पहिली कात टाकेपर्यंत बरीचशी पिल्लं कशाला तोंडही लावत नाहीत. नंतर खायला लागतं तेही बहुधा बोटाच्या पेराएवढी बेडकं. उंदीर खायला अजून बराच अवकाश असतो.

घोटाळा होतो तो सापाच्या तोंडामुळे. साप जबडा निखळवून भक्ष्य गिळतो असं आपण ऐकत आलो. तसं काही होत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे हनुवटीशी एकमेकांना सांधलेलीच नसतात. मध्ये ताणली जाणारी कातडी आणि स्नायुबंध असतात. कवटी आणि जबडा यांच्यामधलं एक लांब हाडही बाहेरच्या बाजूला झुकतं. डावी बाजू पुढे, मग उजवी बाजू पुढे, असं करत साप भक्ष्यावर अक्षरशः चालत जातो. तोंड गच्च भरलेलं असताना श्वासनलिकेचं टोक ओठाच्या कडेने बाहेर काढून श्वास घेतो. हे पाहिलं की वाटतं, याला काहीही जाईल. जातंही. प्रश्न पुढे पोटात सुरू होतो.

सापाचं पचन उन्हावर चालतं. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नाही, म्हणून घास जितका मोठा तितका जास्त वेळ त्याला उबदार जागी निवांत पडून राहायला हवं. त्यातच थंडी पडली, कुणी उचलून खेळवलं किंवा घासच बेताबाहेरचा असला, तर आतलं मांस पचण्याआधी सडू लागतं आणि साप ते उलटून टाकतो. मोठ्या सापाला हे एखाद्या वेळी निभावून नेता येतं. पिल्लाचं तसं नाही. उलटीबरोबर पाचक रस आणि पाणीही जातं आणि दोन-तीनदा असं झालं तर ते दगावतं. पचन किती कष्टाचं असतं ते ब्रह्मी अजगरावरच्या २००५च्या अभ्यासात दिसलं : मोठं जेवण झाल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं स्नायूमांस सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं आणि पचन आटोपलं की पुन्हा उतरतं.

म्हणून जाणकार पाळणारे सापाचं डोकं बघून घास ठरवत नाहीत. शरीराचा सर्वांत जाड भाग बघायचा आणि भक्ष्य तेवढंच जाड किंवा किंचित जास्त घ्यायचं. गिळल्यावर पोटावर हलका फुगवटा दिसावा, गाठ नव्हे. दुसरा ताळा वजनाचा : पिल्लाच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के. आफ्रिकेतल्या बॉल पायथनचं पिल्लू साठेक ग्रॅमचं असेल, तर त्याला सहा ते नऊ ग्रॅमचं, लव आलेलं उंदराचं पिल्लू पुरतं. अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकचं पिल्लू सातआठ ग्रॅमचंच असतं. त्याला आज-काल जन्मलेलं, गुलाबी, ग्रॅमभर वजनाचं उंदराचं पिल्लू, ज्याला या छंदातले लोक ‘पिंकी’ म्हणतात. इतक्या कोवळ्या पिल्लाच्या पोटातलं दूध कातडीतून पांढरं दिसतं. पाचसात दिवसांनी एक घास, आणि त्यानंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

वाडीतला उंदीर धरून घालणं मात्र नको. त्याने विषारी आमिष खाल्लं असेल तर ते सापाच्याही पोटात जातं. शिवाय जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापाला चावतो आणि साप जखमी होतो.

रानात हे गणित नुसतं आकाराने सुटत नाही, प्राणीच बदलतो. पाणदिवडाची पिल्लं बेडूकमाशांवर वाढतात, मग मासे-बेडकांवर येतात. गांडुळासारखा दिसणारा वाळा जन्मभर मुंग्यांची अंडी-अळ्या खातो. मण्यार दुसरे साप गिळते, कधी जवळपास आपल्याच लांबीचे. ते जमतं, कारण लांबीला मर्यादा नाही, जाडीला आहे. आणि २००३ साली वर्धा जिल्ह्यात पुन्हा सापडलेला अंडीखाऊ साप तर फक्त पक्ष्यांची अंडी खातो. त्याच्या मणक्यांची टोकं घशात उतरलेली असतात, तिथे कवच फुटतं. बाजारातल्या कोंबडीच्या अंड्यापुढे त्याचं काही चालायचं नाही.

हे सगळं वाचून कुणाला बरणीतलं पिल्लू वाढवावंसं वाटलं, तर आधीच सांगतो : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातला साप घरी पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे केक-बिस्किटांच्या पाकिटांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. अशा वाटेने आलेल्या जनावराला योग्य मापाचा घास देऊन फार काही साधत नाही. हे माप खरं उपयोगी पडतं ते प्राणिसंग्रहालयांत, सर्पोद्यानांत आणि जखमी सापांवर उपचार करणाऱ्यांना.

ओटीवर पिल्लू दिसलं तर ते धामणीचंच आहे असं धरून हात घालू नका. घोणस आणि नाग यांच्या पिल्लांनाही जन्मापासून विष असतं. लांबूनच बादली उपडी घालून वर वीट ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा. माणूस येईपर्यंत आत खायला काहीही टाकू नका, दूध तर नाहीच.