घरातील नळांचे गोठणे

मराठीत 'नळ' हा शब्द दोन भिन्न वस्तूंना लावला जातो. 'रस्त्यातला नळ फुटला' असे म्हणताना पाणी वाहून नेणारी नळी अभिप्रेत असते. 'नळ बंद कर' असे म्हणताना तिच्या टोकाची तोटी. या द्व्यर्थतेमुळे आपले काही अडत नाही, कारण आपल्या घरांतील नळात पाणी गोठत नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याचे वृत्त येते, तेवढाच आपला हिमाशी संबंध. प्रस्तुत विषयात मात्र नळी आणि तोटी यांतील भेद कळीचा असल्याने येथे 'नळ' हा शब्द केवळ नळीसाठी योजला आहे.

विभागातील काही विद्यार्थी संशोधनार्थ उत्तर अमेरिकेत जातात, म्हणून हा लेखनप्रपंच. मी स्वतः तेथे असताना नाताळच्या सुटीत, खर्च वाचवावा या हिशेबाने, खोलीचे उष्णतायंत्र बंद करून प्रवासास गेलो. परतलो तेव्हा भिंतीतील नळ फुटून बोलीच्या शब्दनोंदींचे दोन खोके भिजले होते. चिठ्ठ्यांवरील शाई ओघळून गेली होती. त्यांपैकी बऱ्याच नोंदी पुन्हा मिळवता आल्या नाहीत.

नळ फुटतो तो कशाने? पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, हे शालेय पुस्तकातही असते. (तूप थिजताना आकसते, भाषेने 'थिजणे' आणि 'गोठणे' ही क्रियापदे वेगळी राखली, ती अर्थातच या कारणाने नव्हे.) यावरून बर्फ नळाला आतून रेटून फोडतो असा समज होतो. वस्तुतः प्रकार निराळा आहे. नळात एके ठिकाणी बर्फाचा बूच तयार होतो. तो वाढू लागला की पुढील पाणी तोटीकडे ढकलले जाते. तोटी मिटलेली असल्यास या कोंडलेल्या पाण्याला वाट उरत नाही, दाब नित्याच्या अनेक पटींनी वाढतो आणि बूच व तोटी यांच्या दरम्यान नळ फुटतो. पुष्कळदा जेथे बर्फाचा मागमूस नाही अशा ठिकाणी. पाणी वाहू लागते ते मात्र बूच वितळल्यावर. म्हणून थंडी ओसरल्यावर घर भिजते.

इलिनॉय विद्यापीठात 1990 नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, पोटमाळ्यावरील उघड्या नळांना धोका बाहेरचे तापमान सुमारे उणे 7 अंश सेल्सियसपर्यंत उतरल्यावर संभवतो. नळातील पाणी शून्यावर लगेच गोठत नाही. ते काही अंश खाली जाते आणि मग एकाएकी त्यात बर्फाचे स्फटिक पसरतात. अर्थात वारा फटींतून थेट नळावर येत असेल तर या आकड्यावर विसंबणे धोक्याचे.

कडाक्याच्या रात्री तोटी किंचित उघडी ठेवून धार टिपकत ठेवावी असे तेथील लोक सांगतात, त्याचे मर्म आता ध्यानी येईल. वाहते पाणी गोठतच नाही असे नव्हे. पण नळ गोठला तरी दाबाला वाट राहते. नळाभोवती गुंडाळलेले आवरण उष्णता निर्माण करीत नाही, केवळ तिचा ऱ्हास मंद करते. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज दीर्घकाळ गेली आणि असंख्य घरांतील नळ फुटले. तेथील घरांची रचना मुख्यतः उन्हाळ्याचा विचार करून झालेली, नळ पोटमाळ्यातून आणि बाहेरील भिंतींतून नेलेले, आणि आत उष्णता नाही. अशा स्थितीत आवरण तरी किती पुरे पडणार?

बाहेरील भिंतीलगत मोरी असल्यास तिच्याखालील कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतील ऊब नळापर्यंत पोचते. बाहेरगावी जाताना उष्णतायंत्र 13 अंशांच्या खाली आणू नये. शक्य असल्यास मुख्य चावी बंद करून तोट्या उघडाव्यात व नळ रिकामे करावेत. ही चावी कोठे आहे, हे घरात राहावयास जाताच मालकाला विचारून ठेवावे. मी विचारले नव्हते.

नळ गोठलाच तर प्रथम तोटी उघडावी, मग केस वाळविण्याच्या यंत्राने तोटीच्या बाजूकडून मागे मागे ऊब देत जावे. उघडी ज्योत कदापि लावू नये; घर पेटल्याची उदाहरणे आहेत.