स्पेस वॉच, 'लिमिटेड एडिशन' आणि १४ सेकंद

काळी डायल, आत तीन छोट्या तबकड्या, मागच्या झाकणावर अंतराळवीर, आणि खाली 'लिमिटेड एडिशन, शेवटचे काही नग'. तुमच्या फीडमध्येही हे घड्याळ येऊन गेलं असेल. आमच्या इंदुरीतला एक मुलगा नुकताच चाकण एमआयडीसीत लागलाय. त्याने मला अशीच एक लिंक पाठवली: "दादा, घेऊ का? पुढे किंमत वाढते म्हणतात." त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. साधं घड्याळ अधिक स्टॉपवॉच. उजवीकडचं वरचं बटण दाबलं की मोजणी सुरू, पुन्हा दाबलं की बंद, आणि खालच्या बटणाने सगळं शून्यावर. गंमत म्हणजे मधला लांब सेकंदकाटा एरवी १२ वर गप्प उभा असतो. बऱ्याच जणांना वाटतं घड्याळ बंद पडलंय! रोजचे सेकंद एका छोट्या तबकडीत चालू असतात.

कडेला आकड्यांची जी पट्टी असते ती टॅकीमीटर. एक्सप्रेसवेवर (तुम्ही गाडी चालवत नसाल तेव्हाच) एका किलोमीटरच्या पाटीशी मोजणी सुरू करा, पुढच्या पाटीशी थांबवा. ३६ सेकंद लागले तर काटा १०० वर, कारण ३६०० भागिले ३६. म्हणजे ताशी १०० किमी. पट्टी साधारण ६० पासून सुरू होते, त्यामुळे आमच्या तळेगाव-चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये तिचा उपयोग शून्य.

आता 'स्पेस'चा भाग. ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर हे घड्याळ नासाने चाचण्या घेऊन १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी मंजूर केलं. १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते मनगटावर बांधूनच चंद्रावर उतरला. पण खरी कसोटी लागली एप्रिल १९७० मध्ये, अपोलो १३ च्या वेळी. ऑक्सिजनची टाकी फुटली, वीज वाचवण्यासाठी बहुतेक यंत्रणा बंद केल्या. परतीचा मार्ग थोडा सुधारायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्वायगर्टने मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. तिघेही सुखरूप परतले.

त्याच वर्षी अंतराळवीरांनी ओमेगाला 'सिल्व्हर स्नूपी' पुरस्कार दिला. त्यावरून निघालेल्या लिमिटेड एडिशन बघा: २००३ ची ५४४१ नगांची, कारण ती मोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद चालली होती. २०१५ ची १९७० नगांची, म्हणजे घटनेचं वर्ष. तिच्या डायलवर पहिल्या १४ सेकंदांच्या जागी एक छोटं वाक्यही छापलंय. मला स्वतःला ही कल्पना जाम आवडते.

म्हणजे खऱ्या लिमिटेड एडिशनमध्ये एकूण नग किती हे आधीच जाहीर असतं आणि तुमच्या घड्याळावर त्यातला क्रमांक कोरलेला असतो. 'शेवटचे काही नग' हा आकडा नव्हे, ती घाई आहे. आणि नुसती गर्दी म्हणजेही लिमिटेड नाही. मार्च २०२२ मध्ये ओमेगा आणि स्वॉचने मिळून २६० डॉलरचं मूनस्वॉच आणलं. कंपनी सांगत होती की हे लिमिटेड नाही, तरी दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि लोकांनी ते कितीतरी पट भावाने विकलं.

अचूकतेसाठी घ्यायचं असेल तर विसरा. जुन्या पद्धतीचं चावीचं स्पीडमास्टर सेकंदाला ६ ठोके देतं, साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक ३२,७६८ वेळा कंप पावतो. तुमच्या फोनचं स्टॉपवॉच केव्हाही सरस.

तरी हौस असेलच (असू दे की!) तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे फोटो नको, व्हिडिओ मागा. वरचं बटण दाबून मधला काटा पळतो का? मिनिटभराने मिनिटांच्या तबकडीचा काटा पुढे सरकतो का? खालच्या बटणाने दोन्ही बरोबर शून्यावर येतात का? स्वस्त नकलांमध्ये या तबकड्या कधी वार-तारीख दाखवतात, कधी नुसत्या छापलेल्या असतात. चाचणी पास झाली तरी घड्याळ अस्सल आहे हे ठरत नाही, फक्त क्रोनोग्राफ आहे एवढंच कळतं. अस्सलपणासाठी क्रमांक, बिल आणि अधिकृत दुकानाचं वॉरंटी कार्ड. आणि व्हिडिओ मागितल्यावर त्याने ब्लॉक केलं, तर उत्तर मिळालंच.